मावळा केवढा, भिंत केवढी?

दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आली की आमच्या घरी माळ्यावरून दोन डबे खाली उतरतात. एक सोऱ्याचा आणि एक किल्ल्याचा. सोऱ्याचा डबा माझा, किल्ल्याचा आमच्या चिरंजीवांचा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे तो. त्यात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवलेली किल्ल्यावरची चित्रं असतात. सिंहासनावर बसलेले महाराज, आगाशीच्या बाजारातून आणलेले आठ मावळे, दोन तोफा, एक वाघ, डोक्यावर हंडा घेतलेली एक गवळण आणि कुणीतरी वाढदिवसाला दिलेले, हातात बंदुका घेतलेले हिरवे प्लॅस्टिकचे शिपाई. महाराजांच्या पहाऱ्याला हे हिरवे शिपाई गेली चार-पाच वर्षं बिनतक्रार उभे राहत होते आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

गेल्या दिवाळीत मात्र घोटाळा झाला. मुलगा सातवीत होता. शाळेत गुणोत्तर-प्रमाण शिकला होता आणि नवं शिकलेलं काहीतरी मोजून बघायला त्याचे हात शिवशिवत होते. त्याने पडवीत डबा उघडला, कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि एकेक चित्र मोजून वहीत मांडायला सुरुवात केली. थोड्या वेळाने बघते तर फरशीवर खडूने दोन चौकोन काढलेले. एकावर लिहिलं होतं ‘बरोबर’, दुसऱ्यावर ‘चूक’.

‘बरोबर’मध्ये बाजारातले आठ मावळे. सगळे पागोटं सोडून दोन इंचांचे, एकाच साच्यातले. ‘चूक’मध्ये बाकीचं सगळं. महाराज बसलेलेच पाच इंच, म्हणून चूक. वाघ उभ्या मावळ्याच्या हनुवटीला लागतो, म्हणून चूक. हिरवे शिपाई जेमतेम इंचभर, शिवाय बंदुकाही आजकालच्या, म्हणून दुहेरी चूक. आणि त्याच चौकोनात आमच्या अण्णांच्या हातचे दोन मावळे.

अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आमचे हे लहान असताना अण्णांनी बावखलाच्या काठची चिकण माती आणून ते मावळे हाताने घडवले, सावलीत वाळवले आणि गेरू-चुन्याने रंगवले. एक उंच, एक बुटका. बुटक्याचा डावा हात तुटलेला. इतकी वर्षं दर दिवाळीला दरवाजाच्या दोन बाजूंना हेच दोघे उभे राहत आले.

सासूबाई तिथेच मोहरी निवडत बसल्या होत्या. “आजी, आजोबांचे हे दोघेही चुकीच्या मापाचे आहेत, यंदा नको ठेवायला,” असं तो अगदी सरळ मनाने म्हणाला. त्या काही बोलल्या नाहीत. सूप उचललं आणि आत निघून गेल्या.

आता मी कुणाची बाजू घ्यायची? पोराचा हिशेब खोटा नव्हता. मी स्वतः अर्धवेळ का होईना पण शिक्षिका, शिकलेलं वापरू नकोस असं कोणत्या तोंडाने सांगू? आणि सासूबाईंचं दुखणं तर डोळ्यांना दिसत होतं. रागवावं तर त्याच्या मनातला नवा उत्साह मरायचा, गप्प बसावं तर घरातल्या वडील माणसाचं मन मोडायचं. मी एवढंच म्हटलं, “चूक कशाच्या हिशेबाने ते आधी ठरवू. रविवारी आपण वसईचा किल्ला बघून येऊ. पट्टी बरोबर घे.”

बाबा झाले मावळा

आम्ही नंदाखालची माणसं. वसईचा किल्ला काही आम्हांला नवा नाही. पाहुणे आले की दाखवायला नेतो, मुलं चिंचा वेचतात, आपण सावलीत बसतो आणि परत येतो. पण भिंत केवढी आहे हे बघायला म्हणून आम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच गेलो.

उंच भिंत शिडीशिवाय कशी मोजायची? युक्ती सोपी आहे, तुम्हीही करून बघा. आमच्या ह्यांना तटाच्या पायथ्याशी पाठ लावून उभं केलं. यांची उंची साडेपाच फूट. मुलाने लांब जाऊन मोबाईलवर फोटो काढला. मग फोटोवर पट्टी ठेवून बाबा किती आणि भिंत किती ते मोजलं. आम्ही मोजलं त्या ठिकाणी एकावर एक साडेपाच बाबा उभे राहिले तेव्हा कुठे भिंतीचा माथा आला. साडेपाच गुणिले साडेपाच, म्हणजे तीस फूट धरा.

मुलगा मान वर करून बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “आई, आपल्या किल्ल्याची भिंत तीन इंच असते.”

घरी आल्यावर हिशेब मांडला. दोन इंचांचा मावळा म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस. म्हणजे किल्ल्यावरचा एक इंच हा खरा पावणेतीन फूट. आमची तीन इंचांची भिंत खरी सव्वाआठ फूटच होत होती. एवढी भिंत एकाने दुसऱ्याला खांदा दिला तर सहज चढता येईल! वसईच्या तटाचं खरं माप धरलं तर मातीची भिंत अकरा इंच हवी.

आणि इथेच मला या मोजमापाचं मोल कळलं. याच मुलाने आदल्या वर्षी किल्ल्याभोवती मावळे मांडताना मला सांगितलं होतं, “मारली उडी की गेले आत, त्यात काय!” तीन इंचांच्या भिंतीने त्याला तेच शिकवलं होतं. चिमाजी अप्पांच्या फौजेला वसई घ्यायला १७३९ सालचा फेब्रुवारी ते मे एवढा काळ लागला. तटाखाली सुरुंग लावावे लागले, सेंट सेबॅस्टियन बुरुजाजवळ भिंत फोडावी लागली, हजारो माणसं पडली, तेव्हा मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला खाली केला. हे सगळं मी त्याला पूर्वी सांगितलं नव्हतं असं नाही. पण कानाने ऐकलेलं आणि मान वर करून पाहिलेलं यात फरक पडतोच. अकरा इंचांच्या भिंतीपाशी दोन इंचांचा मावळा ठेवला तेव्हा तो स्वतःच म्हणाला, “हा वर कसा जाणार गं?”

इतिहासाच्या पुस्तकातल्या चार पानांनी जे होत नाही, ते या एका प्रश्नाने झालं.

तुमच्या किल्ल्यासाठी हिशेब

हा हिशेब कोणत्याही घरी जमण्यासारखा आहे. आधी आपल्याकडे जास्तीत जास्त मावळे कोणत्या मापाचे आहेत ते बघावं. मोजताना पागोटं, शिरपेच, पायाखालची बैठक सोडून द्यावी, नाहीतर उंच पागोट्याचा बुटका माणूस उगाच उंच ठरतो. मग साडेपाचला त्या इंचांनी भागावं. दोन इंचांचा मावळा असेल तर पावणेतीन येतात. तीन इंचांचा असेल तर पावणेदोनच्या जरा वर. हा झाला तुमच्या किल्ल्याच्या एका इंचातला खरा फूट. पुढे कोणत्याही वस्तूचे खरे फूट घ्यायचे आणि या आकड्याने भागायचे.

दोन इंची मावळ्यासाठी आमच्या वहीत असं उतरलं:

तीस फुटी तट: ११ इंच.
बारा फुटी दरवाजा: साडेचार इंचांना किंचित कमी.
दहा फुटी तोफ: साडेतीन इंचांहून थोडी जास्त.
खांद्यापाशी साडेचार फुटी घोडा: दीड इंचाहून थोडा जास्त.
खांद्यापाशी तीन फुटी वाघ: एक इंचाहून जरा जास्त, म्हणजे मावळ्याच्या कमरेच्या थोडा वर.
आठ इंची पायरी: पाव इंच.
साठ फुटी नारळ: २२ इंच.

यात काही गमतीही निघाल्या. हिरवळ म्हणून आपण अळीव पेरतो ना, ते दोन इंच वाढले की मावळ्याच्या डोक्याएवढे होतात. म्हणजे ती हिरवळ नव्हे, रान झालं! तेव्हा अळीव डोंगराच्या पायथ्याशी पेरावेत आणि गडावरच्या मोकळ्या जागेत लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून, वाळवून भुरभुरावा. पायऱ्यांचंही तसंच. आपण बोटाने दाबून पायऱ्या करतो, त्या मावळ्याच्या मांडीएवढ्या होतात. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून पाव इंचाची पायरी करावी.

तलवारीच्या बाबतीत मात्र पट्टी बाजूला ठेवावी. खऱ्या तलवारीचं पातं दीड इंच रुंद धरलं तर या मापाने ते मिलिमीटरभर होईल. मातीत तेवढं पातं टिकणार कसं? म्हणून मूर्ती करणारा ते जाड करतो. ती चूक नव्हे, मातीची मर्यादा आहे.

विलायतेतही हाच घोळ

तुम्हांला वाटेल, पोरांच्या खेळात एवढी काटेकोर मापं कशाला? पण खेळण्यातले शिपाई जमवणारी मोठी माणसं जगभर आहेत आणि त्यांचे वाद या मापावरूनच होतात. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ साली आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतायला सुरुवात केली. त्यामुळे ते हलके आणि स्वस्त झाले. त्यांची उंची ५४ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून थोडी जास्त. हे माप त्या वेळच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या मापाशी जुळणारं होतं, कारण गाडी आणि शिपाई एकाच फरशीवर मांडले जायचे. जपानच्या टामिया कंपनीचं तर आणखीच वेगळं. त्यांनी रणगाड्याचा नमुना केला तो आत बॅटऱ्या आणि मोटर मावतील एवढा. त्यातून पस्तिसावा हिस्सा हे माप निघालं आणि पुढे तेच जगभर रूढ झालं. त्या मापाने आपला साडेपाच फुटी माणूस दोन इंचांना थोडा कमी भरतो.

सांगायची गोष्ट अशी की, ही मापं कुठल्या शास्त्रातून आली नाहीत. घरातल्या सोयीतून आली. तेव्हा आपण आपल्या मावळ्यावरून आपलं माप ठरवलं तर त्यात कमीपणा नाही. एकदा ठरवलं की ते सगळीकडे पाळायचं, एवढंच.

मग महाराजांना डब्यात ठेवायचं?

भिंत अकरा इंच झाली, वाघाची रवानगी डब्यात झाली. पण महाराजांचं काय? पाच इंचांची बसलेली मूर्ती म्हणजे पावणेचौदा फुटांचा बसलेला माणूस! शिवाय वसईचा वेढा १७३९ चा आणि महाराज १६८० सालीच गेलेले, हाही मुद्दा चिरंजीवांनी मांडला. यावर आमचे हे, जे एरवी किल्ल्याच्या भानगडीत पडत नाहीत, ते वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, “महाराजांशिवाय किल्ला मी तरी आजवर पाहिला नाही.”

मला तेव्हा अजिंठ्याची आठवण झाली. लग्नाआधी कॉलेजच्या सहलीत पाहिलेलं. सतराव्या लेण्यात एक चित्र आहे. भगवान बुद्ध भिक्षा मागायला स्वतःच्याच दारी आले आहेत आणि समोर यशोधरा आणि लहानगा राहुल उभे आहेत. त्यात बुद्ध केवढे आणि यशोधरा केवढीशी! ज्या चित्रकारांनी तिथल्या इतर भिंतींवर हत्ती, माणसं, झाडं इतकी हुबेहूब काढली, त्यांना माणसाची उंची कळत नव्हती असं कोण म्हणेल? त्यांनी जाणून-बुजून वेगळं माप घेतलं. चीनमध्ये १९७४ साली शिआनजवळ सम्राटाच्या थडग्यापाशी भाजक्या मातीचं अख्खं सैन्य सापडलं, त्यातही सेनापती साध्या शिपायांपेक्षा उंच केलेले आहेत.

मुलाला मी सांगितलं, “मापं दोन असतात रे. एक फूटपट्टीचं आणि एक मानाचं. दोन्ही खरी. फक्त कुठे कोणतं लावलंय ते आपल्याला ठाऊक हवं. महाराज उंच आहेत ते पट्टीच्या मापाने नाहीत, मानाच्या मापाने आहेत.” त्याने थोडा विचार केला आणि वहीत तिसरा रकाना काढला. त्यावर लिहिलं ‘मान’. महाराज त्यात गेले आणि तटापासून दूर, मागच्या उंच डोंगरावर एकटे बसले. जवळ मावळा नाही म्हटल्यावर ते पाच इंचांचे आहेत हे कुणाच्या लक्षातही येईना.

हिरव्या शिपायांचा प्रश्न शेजारच्या मावशींच्या मुलाने सोडवला. आमच्या नंदाखालला ख्रिस्ती शेजार मोठा. नाताळला घरोघर गोठा मांडतात आणि हा मुलगा गोठा करण्यात वाकबगार. तो म्हणाला, “लहान माणसं मागे ठेव. आम्ही गोठ्यात तसंच करतो. बाळ येशू, मारिया पुढे मोठे. मेंढपाळ त्याहून लहान आणि लांबच्या डोंगरावरची मेंढरं तर शेंगदाण्याएवढी. बघणाऱ्याला वाटतं, गाव किती लांब आहे!” इटलीत नेपल्सचे कारागीर त्यांच्या प्रसिद्ध गोठ्यांत हीच युक्ती करतात, हे मी पुढे वाचलं. आम्ही त्या इंचभर शिपायांच्या बंदुका कात्रीने कापल्या, अंगावर गेरू-चुना फासला आणि त्यांना मागच्या डोंगराच्या वाटेवर उभं केलं. अंगणातल्या अंगणात डोंगर अर्धा कोस लांब गेल्यासारखा दिसू लागला.

अण्णांचे दोघे

राहिले अण्णांचे मावळे. ते अजून ‘चूक’च्या चौकोनात होते आणि सासूबाई किल्ल्याकडे फिरकत नव्हत्या.

एका दुपारी मी मुलाला मुद्दाम एक गोष्ट सांगितली. इजिप्तमध्ये असियुत नावाच्या गावी मेसेहती नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे लाकडी शिपाई सापडले. चाळीस भालेवाले आणि चाळीस तिरंदाज, रांगेने चाललेले. खेळण्यातल्या शिपायांचे हे पणजोबाच म्हणायचे. पण ते सगळे एका उंचीचे नाहीत. कुणी उंच, कुणी ठेंगणा. आणि म्हणूनच बघताना वाटतं की ही खरी माणसं चालली आहेत. “तुझे आठ मावळे बघ,” मी म्हटलं. “आठही जण तंतोतंत सारखे. आपल्या गल्लीत अशी आठ माणसं दाखव बघू!”

तो पट्टी घेऊन आला. अण्णांचा उंच मावळा सव्वादोन इंच, बुटका पावणेदोन. वहीत भागाकार-गुणाकार झाले. उंच निघाला सहा फूट दोन इंच, बुटका चार फूट दहा इंच.

“म्हणजे चूक नाहीत!” तो ओरडला. “अशी माणसं असतात. चार फूट दहा म्हणजे... आजीएवढा!”

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्या बुटक्या मावळ्याकडे बघून म्हणाल्या, “माझ्याकडे बघूनच केला होता त्यांनी तो. म्हणायचे, ‘दारावर तूच बरी, कुणाला आत सोडणार नाहीस.’” आणि तोंडाला पदर लावून हसल्या. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी आम्हांला कधी सांगितली नव्हती. मुलाने त्या मोजणीच्या वहीत बुटक्या मावळ्यापुढे लिहून ठेवलं, ‘आजी’.

मला वाटतं, मुलं मोजायला लागली की आपण घाबरू नये. अर्धं मोजून थांबतात तेव्हा ती वडील माणसांना चूक ठरवतात. पुरतं मोजलं की त्यांचं त्यांनाच दिसतं.

मोहरीचा दाणा

आता राहिली गवळण. माझी धाकटी चार वर्षांची. तिला किल्ल्यावर दुसरं कुणी नको, ती हंडेवाली तेवढी हवी. वसईच्या तटापाशी लढाई चाललेली, तिथे गवळण काय करणार? म्हणून दादाने तिला डब्यात घातलं आणि धाकटीने भोकाड पसरलं. तिची समजूत काढताना मी हिरकणीची गोष्ट सांगितली. तुम्हां सगळ्यांना ती ठाऊकच आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, दिवस मावळताच बंद झालेले दरवाजे, घरी पाळण्यातलं तान्हं बाळ आणि अंधारात कडा उतरून गेलेली ती आई. त्या कड्यावर महाराजांनी बुरूज बांधला आणि त्याला तिचं नाव दिलं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

“आपण रायगड करू या,” धाकटी म्हणाली. दादाने लगेच हिशेबाला घेतला. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे २७०० फूट. आमच्या दोन इंची मावळ्याच्या मापाने त्याची उंची काढली तर किती यावी? ८२ फूट! सात-आठ मजली इमारत. अंगणात कसा मावणार? मग त्याने उलटा हिशेब केला. डोंगर तीन फुटांचा करायचा, तर माणूस केवढा? एका इंचात ७५ फूट बसले, आणि माणूस निघाला दोन मिलिमीटरांनाही किंचित कमी.

“एवढं काय असतं, आई?”

सासूबाईंच्या सुपात मोहरी होती. त्यांनी एक दाणा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. वर्गात मुलांना कितीदा सांगितली असेल! पण तीन फुटांच्या मातीच्या कड्यापुढे तो मोहरीचा दाणा धरला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. तोही रात्री, हाताने चाचपडत. बाजारातली चार इंचांची हसरी गवळण हंडा घेऊन उभी असते, ती गोड दिसते. पण तिने काय केलं ते त्या दाण्याने दाखवलं.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात रायगड आहे. यंदा आमच्या अंगणात तोच होतो आहे. गोणपाट मातीत भिजवून कडा तयार झाला आहे. कड्याच्या मध्यावर गोंदाने एक मोहरी चिकटवायची आहे, ती जागा धाकटीने ठरवून ठेवली आहे. चार इंची गवळण आणि महाराज पायथ्याशी शेजारी-शेजारी बसतील, मानाच्या मापाने.

चित्रं सांभाळताना

जाता जाता काही घरगुती सूचना. किल्ला मोडल्यावर चित्रं पाण्याने धुऊ नयेत. कच्ची माती विरघळते आणि प्लॅस्टरवरचा रंग सुटतो. मऊ कोरड्या कुंचल्याने माती झटकावी आणि दोन दिवस सावलीत वाळू द्यावीत. आपल्या कोकणपट्टीत दमट हवेने रंग चिकट होतो, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत. जुन्या सुती कापडाच्या तुकड्यात एकेक वेगळं गुंडाळावं. जड तोफा खाली, मावळे वर. हात-तलवार तुटली तर तुकडा त्याच कापडात बांधून ठेवावा, पांढऱ्या फेव्हिकॉलने तो सावकाशीने जोडता येतो.

कुणाच्या घरी आजोबांच्या वेळचे धातूचे विलायती शिपाई असतील, तर ते बहुधा शिशाचे असतात. ब्रिटनच्या कारखान्याने १९६६ सालापासून शिशाचे शिपाई करणं बंद केलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं आणि त्याचं थोडं प्रमाणही सुरक्षित मानत नाहीत. ते शिपाई मुलांच्या हातात देऊ नयेत, पॉलिश पेपरने घासू नयेत, त्यांच्यावर पांढरी भुकटी दिसली तर फुंकर मारू नये. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवावेत आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. इंचभर उंचीचे प्लॅस्टिकचे शिपाईही तीन वर्षांखालच्या मुलांपासून लांब ठेवावेत. दिवाळीला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि रांगतं बाळ किल्ल्यापाशी कधी पोचलं ते कळत नाही. किल्ल्याभोवती विटांचं कुंपण केलं की निम्मी काळजी मिटते.

यंदा तुमच्याकडे किल्ला होत असेल तर मुलांच्या हाती एकदा पट्टी देऊन बघा. आणि ती काही ‘चूक’ म्हणाली, तर लगेच रागावू नका. आणखी थोडं मोजायला सांगा.

आमच्याकडे अण्णांचे दोघे यंदाही दारावरच आहेत. रायगडाच्या मापात ते कुठेच बसत नाहीत, हे चिरंजीवांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्याने त्यांना किल्ल्याच्या नव्हे, घराच्या दारावर उभं केलं आहे. उंबऱ्याच्या दोन बाजूंना, पणत्यांशेजारी. बुटका उजवीकडे.